इंदूरची पाच षटके

दुःखाच्या प्रसंगी माणूस आपल्या कामाकडे परत वळतो, तेव्हा पाहणारे त्याच्या मनोधैर्याची प्रशंसा करतात. ही प्रशंसा सद्‍भावनेतूनच होते. तथापि तीत एक घाईही असते. शोकाचे रूपांतर जणू तत्काळ पराक्रमात झाले, अश्रूंचीच शक्ती झाली, असे मानून प्रेक्षक समाधान पावतो आणि पुढील बातमीकडे वळतो. क्रीडाक्षेत्रात तर हे फारच लवकर घडते. खेळाडूचा पिता निवर्तला, खेळाडू मैदानावर उतरला, त्याने बळी घेतले किंवा शतक ठोकले, की कथा पूर्ण झाली! परंतु जो माणूस प्रत्यक्ष धावत येऊन चेंडू टाकतो, त्याच्या बाबतीत ती इतकी सोपी नसते. उमेश यादव या वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातील 2023 सालचे काही आठवडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, खापरखेडा हे गाव आहे. औष्णिक विद्युत केंद्र आणि कोळशाच्या खाणी ही या परिसराची ओळख होय. चिमण्यांतून निघणारा धूर, राखेची वाहतूक आणि खाणीच्या पाळ्यांवर बेतलेले दिवसाचे वेळापत्रक यांच्या सान्निध्यात येथील वसाहती वाढल्या. या खाणींनी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे ओढून आणली. उत्तर प्रदेशातील देवरिया जिल्ह्यातून आलेले तिलक यादव हे त्यांपैकीच एक. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत त्यांनी कामगार म्हणून नोकरी केली आणि संसार येथेच थाटला. 25 ऑक्टोबर 1987 रोजी जन्मलेला उमेश याच मातीत वाढला. घराण्याचे मूळ उत्तरेकडील असले तरी त्याचे क्रिकेट संपूर्णपणे वैदर्भीय आहे.

खाणकामगाराने मुलासाठी कोणती आकांक्षा बाळगावी? तिलक यादव यांची आकांक्षा अगदी सरळ होती: मुलाला सरकारी नोकरी लागावी. जमिनीखाली उतरून पोट भरणाऱ्या माणसाला पोलिसाचा किंवा सैनिकाचा गणवेश ही स्थैर्याची परमावधी वाटावी, यात नवल ते काय? मुलानेही वडिलांच्या इच्छेप्रमाणे प्रयत्न केले. सैन्यभरतीत त्याची निवड झाली नाही, आणि पोलीस शिपायाची जागा अगदी थोडक्यात हुकली. त्यानंतरच तो क्रिकेटकडे गंभीरपणे वळला. तोपर्यंतचे त्याचे क्रिकेट टेनिसच्या चेंडूचे, गावोगावच्या स्पर्धांचे होते. चामड्याचा खरा चेंडू त्याच्या हाती विशीच्या उंबरठ्यावर आला. इतर गोलंदाज त्या वयापर्यंत शालेय आणि वयोगटांच्या स्पर्धांची सारी पायरी चढून आलेले असतात.

मात्र वेग उपजत होता, आणि वेग शिकवता येत नाही. विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याने हा वेग ओळखला, आणि 2008 साली उमेश रणजी करंडक स्पर्धेत विदर्भाकडून खेळला. तेथून पुढचा प्रवास आश्चर्य वाटावे इतका जलद झाला. 2010 साली तो एकदिवसीय सामन्यांत भारताकडून खेळला. नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू होय. 2015 सालच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने 18 बळी मिळवले. भारतीय गोलंदाजांत ही संख्या सर्वाधिक होती. 2018 साली हैदराबादच्या कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने दोन्ही डावांत मिळून 10 बळी घेतले. 2019 च्या जानेवारीत वायनाड येथे केरळविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात त्याने 12 गडी टिपले, आणि त्या हंगामात विदर्भाने करंडक सलग दुसऱ्यांदा जिंकला. वडिलांची सरकारी नोकरीची इच्छाही अखेर पूर्ण झाली, पण ती क्रिकेटच्या वाटेने: 2017 साली रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात खेळाडू म्हणून त्याची साहाय्यक व्यवस्थापकपदी नेमणूक झाली. भरतीच्या मैदानाने ज्याला परत पाठवले, त्याला चेंडूने कचेरीत नेऊन बसवले.

एवढे असूनही त्याचे संघातील स्थान कधीच निश्चित नसे. परदेशात इतरांना पसंती मिळे. मायदेशात फिरकीचे राज्य असल्याने वेगवान गोलंदाजांना जागाच एक किंवा दोन. 2023 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा पहिली कसोटी नागपूर येथे, त्याच्या स्वतःच्या मैदानावर झाली; परंतु खेळणाऱ्या अकरांत त्याचे नाव नव्हते. दिल्लीच्या दुसऱ्या कसोटीतही नव्हते. ती कसोटी 19 फेब्रुवारी रोजी, तिसऱ्याच दिवशी संपली. पुढील सामना 1 मार्चपासून इंदूरला होता. या मधल्या काळात, 22 फेब्रुवारी रोजी, तिलक यादव यांचे दीर्घ आजारानंतर निधन झाले. ते 74 वर्षांचे होते.

परंपरेने मृत्यूनंतरचे दिवस मोजून दिलेले आहेत. दहा दिवसांचे सुतक, दशक्रिया, मग तेरावा. या दिवसांचा धार्मिक अर्थ कोणी मानो वा न मानो, त्यांत एक व्यवहारी शहाणपण निश्चित आहे. ज्याच्यावर आघात झाला त्याच्याकडून जगाने काही काळ कशाचीही अपेक्षा करू नये, अशी ती सवड आहे. क्रीडांगणाचे वेळापत्रक ही सवड जाणत नाही. निधनाच्या दिवसापासून इंदूरच्या सामन्याच्या प्रारंभापर्यंत सात दिवसांचे अंतर होते. आणि नेमक्या याच सामन्यासाठी, मोहम्मद शमीला विश्रांती देण्यात आल्यामुळे, उमेशची निवड झाली. ज्या संधीची तो दोन सामने वाट पाहत बसला होता, ती अशा आठवड्यात आली.

अशा वेळी खेळाडूने काय करावे, याचे एकच उत्तर नाही. त्याच्या आधी अनेकांपुढे हा प्रश्न उभा राहिला होता, आणि प्रत्येकाच्या बाबतीत तो वेगळ्या रीतीने सुटला. त्यांपैकी तीन प्रसंग येथे आठवण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग मराठी वाचकांस सुपरिचित आहे. 19 मे 1999 रोजी, इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू असताना, सचिन तेंडुलकर याचे वडील प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे मुंबईत निधन झाले. ते दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे अध्यापक होते. कवी आणि समीक्षक म्हणून मराठी साहित्यात त्यांना स्थान होते, आणि सचिनदेव बर्मन यांच्या संगीतावरील प्रेमापोटी त्यांनी धाकट्या मुलाचे नाव सचिन ठेवले होते. सचिन तातडीने घरी परतला. त्याच दिवशी लेस्टर येथे भारत झिंबाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी हरला. अंत्यसंस्कारानंतर सचिनला परत जाण्यास सांगितले ते त्याच्या आईने. 23 मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्याने 101 चेंडूंत नाबाद 140 धावा केल्या. राहुल द्रविडसमवेत त्याची 237 धावांची अभंग भागीदारी झाली. शतक पूर्ण होताच त्याने आकाशाकडे पाहिले, आणि ती दृष्टी पुढे त्याच्या प्रत्येक शतकाची खूण होऊन बसली.

दुसरा प्रसंग हैदराबादच्या मोहम्मद सिराजचा. त्याचे वडील ऑटोरिक्षा चालवीत. 20 नोव्हेंबर 2020 रोजी ते वारले, तेव्हा सिराज भारतीय संघासह सिडनीत होता. करोनाच्या साथीमुळे संघ विलगीकरणात होता. एकदा परत गेल्यास पुन्हा येणे दुरापास्त. क्रिकेट मंडळाने त्याला घरी जाण्याची मुभा दिली होती. येथेही आईचाच शब्द निर्णायक ठरला: वडिलांना जे पाहायचे होते ते पूर्ण करून ये, असे तिने दूरध्वनीवरून सांगितले. सिराज थांबला. मेलबर्नला त्याने कसोटीत पदार्पण केले. तीन सामन्यांत 13 बळी घेतले. ब्रिस्बेनच्या दुसऱ्या डावात 73 धावांत 5. सिडनीच्या कसोटीपूर्वी राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे वाहत होते, हे साऱ्या जगाने पाहिले. 21 जानेवारी 2021 रोजी तो हैदराबादला उतरला आणि विमानतळावरून घरी न जाता थेट कब्रस्तानात गेला. दोन महिने थांबवून ठेवलेला शोक त्या दुपारी सुरू झाला असे म्हटले तरी चालेल.

तिसरा प्रसंग बेसबॉलचा आहे. या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो एकेक चेंडू टाकतो, आणि सामन्याचा भार आपल्याकडील गोलंदाजापेक्षाही त्याच्यावर अधिक असतो. एडिन्सन व्होल्केस हा डोमिनिकन प्रजासत्ताकाचा पिचर 27 ऑक्टोबर 2015 रोजी कॅन्सस सिटी संघाकडून अमेरिकेच्या अजिंक्यपद मालिकेचा पहिला सामना खेळणार होता. त्याच दिवशी त्याचे वडील वारले. सामना संपेपर्यंत त्याला हे कळू देऊ नये, अशी कुटुंबीयांनी संघाकडे विनंती केली. खेळाडूंच्या खोलीत दूरचित्रवाणी चालू असते, हे जाणून समालोचकांनीही त्या बातमीचा उच्चार टाळला. लाखो लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ज्याची होती त्यालाच ठाऊक नव्हती, आणि तो सहा डाव चेंडू टाकत राहिला! हे योग्य झाले की अयोग्य, याविषयी मतभेद होऊ शकतील. आपल्या पित्याचा मृत्यू जाणून घेण्याचा हक्क मुलाचा की तो लांबणीवर टाकण्याचा हक्क कुटुंबाचा? व्होल्केस मायदेशी जाऊन अंत्यविधी करून परतला आणि 1 नोव्हेंबर रोजी पाचव्या सामन्यात पुन्हा सहा डाव खेळला. या वेळी त्याला सर्व काही ठाऊक होते. तो सामना जिंकून कॅन्सस सिटीने अजिंक्यपद मिळवले. धैर्याविषयी ज्यास काही शिकावयाचे असेल, त्याने पहिल्या सामन्यापेक्षा या दुसऱ्या सामन्याकडे पाहावे.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ती सहसा येत नाही. परत जाण्याचा वा थांबण्याचा निर्णय खेळाडूने एकट्याने घेतलेला नाही. ज्यांचे दुःख त्याच्याइतकेच, किंबहुना अधिक होते, त्या घरातील माणसांनी त्याला मोकळे केले. पतीच्या निधनानंतर चार दिवसांत मुलाला परदेशी पाठवणाऱ्या आईचे धैर्य कोणत्याही धावफलकावर नोंदले जात नाही. मैदानावरील ठामपणा हा बहुधा घरातून उसना घेतलेला असतो.

इंदूरला परत येताना आणखी एका भेदाकडे लक्ष द्यावयास हवे. फलंदाजाचे दुःख आणि गोलंदाजाचे दुःख यांची मैदानावरील गत निराळी असते. फलंदाजास एक चूक पुरते. क्षणभर चित्त विचलित झाले की त्याचा दिवस संपला. उलटपक्षी गोलंदाजाला पुढचा चेंडू मिळतो. परंतु त्यासाठी त्याला पुन्हा मागे चालत जावे लागते. वेगवान गोलंदाजाच्या कामाचा मोठा भाग म्हणजे हे मागे चालणे. चेंडू हातात घोळवीत, एक बाजू विजारीवर घाशीत, तो आपल्या खुणेपर्यंत जातो. धाव काही सेकंदांची. चालणे त्याच्या कितीतरी पट. त्या चालण्यात त्याच्याशी कोणी बोलत नाही. शोकाकुल माणसाला एकांत नको असेल, तर वेगवान गोलंदाजी हा त्याने करण्याजोगा व्यवसाय नव्हे.

पण त्या चालण्याला एक शिस्तही असते. पावले मोजलेली असतात. वळणे, धावणे, उडी, पुढचा पाय रोवणे, मनगट शिवणीमागे ठेवणे ही सर्व कामे शरीराने हजारो वेळा केलेली असतात, आणि मन अन्यत्र असतानाही शरीर ती विसरत नाही. खाणीच्या वसाहतीत पाळी चुकवून चालत नाही. घरात काहीही घडलेले असो, भोंगा झाला की उठावेच लागते. त्या वसाहतीत वाढलेल्या मुलाने धावण्याची खूण आणि पाळीचा भोंगा यांचे नाते कधी मनाशी जोडले असेल किंवा नसेल; बाहेरून पाहणाऱ्यास मात्र ते दिसल्यावाचून राहत नाही.

इंदूरच्या होळकर मैदानावरील खेळपट्टी पहिल्या तासापासूनच फिरकीला साथ देत होती. भारताचा पहिला डाव 109 धावांत आटोपला. त्या पडझडीत उमेशने 13 चेंडूंत 17 धावा केल्या; त्यांत दोन षटकार होते. पहिल्या दिवसअखेर ऑस्ट्रेलियाच्या 4 बाद 156 धावा झाल्या होत्या, आणि चारही गडी रवींद्र जडेजाने टिपले होते. वेगवान गोलंदाजास या सामन्यात फारसे काम उरले आहे, असे कोणालाही वाटले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाची धावसंख्या 4 बाद 186 झाली होती. पीटर हँड्सकोंब आणि कॅमेरॉन ग्रीन यांची जोडी स्थिरावत होती. रविचंद्रन अश्विनने हँड्सकोंबला बाद करून ती फोडली, आणि दुसऱ्या टोकाकडून उमेश आला. येथे चेंडूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. नवा चेंडू हवेत वळतो तो चकचकीत बाजूपासून दूर. पुष्कळ षटके टाकून झाल्यावर, एक बाजू खरखरीत झालेली आणि दुसरी घासून राखलेली असताना, तोच चेंडू पुरेशा वेगाने टाकल्यास चकचकीत बाजूकडेच वळू लागतो. यालाच रिव्हर्स स्विंग म्हणतात. हे वळण उशिरा, फलंदाजाच्या अगदी समोर येऊन होते. त्यासाठी वेग हवा आणि चेंडू यष्ट्यांच्या रोखाने, पुढे टाकण्याची छाती हवी. कारण तो वळला नाही तर सीमापार जातो. भारतातील रखरखीत खेळपट्ट्यांवर हीच उमेशची खरी विद्या होती. हात खाली येईपर्यंत तो फलंदाजाला काही कळू देत नसे.

ग्रीन पायचीत झाला. मिचेल स्टार्कची यष्टी उखडली गेली. टॉड मर्फीचीही तीच गत झाली. शेवटचे सहा गडी अवघ्या 11 धावांत गमावून ऑस्ट्रेलियाचा डाव 197 वर संपला. उमेशची नोंद होती: 5 षटके, 12 धावा, 3 बळी. स्टार्क हा त्याचा मायदेशातील कसोटी सामन्यांतला शंभरावा बळी. भारतीय वेगवान गोलंदाजांत त्याच्यापूर्वी कपिल देव, जवागल श्रीनाथ, झहीर खान आणि इशांत शर्मा या चौघांनीच ही संख्या गाठली होती. फिरकीच्या देशात वेगवान गोलंदाजाने असे शतक पुरे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

कथा येथे थांबवली तर ती फार सुबक होईल. प्रत्यक्षात मात्र ती थांबली नाही. भारताचा दुसरा डाव 163 धावांत संपला. नेथन लायनने आठ गडी बाद केले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाने तो सामना नऊ गडी राखून जिंकला. उमेशच्या त्या पाच षटकांनी निकाल बदलला नाही. पंतप्रधानांनी त्याला सांत्वनपर पत्र पाठवले होते, त्याबद्दल त्याने जाहीर आभार मानले, आणि संघ पुढील सामन्यासाठी अहमदाबादला गेला.

8 मार्च रोजी त्याच्या घरी मुलगी जन्माला आली. हे त्याचे दुसरे अपत्य. वडिलांच्या निधनास त्या दिवशी पुरते चौदा दिवस झाले होते. म्हणजे तेराव्याला उलटून दोन दिवसही झाले नव्हते, आणि बारशाची तयारी सुरू व्हावी असा प्रसंग त्याच घरात आला. माणसाच्या मनाची या दिवसांत काय अवस्था होत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, 9 मार्च रोजी, चौथी कसोटी सुरू झाली. अहमदाबादची खेळपट्टी इंदूरच्या नेमकी उलट, निर्जीव आणि फलंदाजांना आंदण दिल्यासारखी होती. उस्मान ख्वाजाने 180 धावा काढल्या, ग्रीननेही शतक केले, आणि ऑस्ट्रेलियाचा डाव 480 धावांपर्यंत लांबला. अश्विनने सहा गडी बाद केले. जुना चेंडू वळला नाही. नवाही फारसा वळला नाही. त्या उन्हात उमेश पुन्हा पुन्हा आपल्या खुणेपर्यंत चालत गेला आणि धावत आला. त्या डावात त्याने 25 षटके टाकली, 105 धावा दिल्या, आणि त्याला एकही बळी मिळाला नाही.